मालक गेले तेव्हा विहिरी थांबल्या नव्हत्या

व्हेनेझुएलाची राजधानी काराकास. तिथून डोंगर उतरून समुद्राकडे गेले की मायकेतिया इथे देशाचा मुख्य विमानतळ लागतो. त्याच्या मोठ्या दालनातली फरशी एका चित्रकाराने घडवलेली आहे. कार्लोस क्रूस-दिएस या व्हेनेझुएलाच्याच कलावंताने १९७० च्या दशकात ती रंगीत पट्ट्यांनी अशी मढवली, की तिच्यावरून चालू लागले की पायांखालचे रंग बदलत गेल्यासारखे वाटतात. गेल्या काही वर्षांत त्या फरशीला वेगळाच अर्थ आला. देश सोडून निघालेला माणूस तिथे क्षणभर थांबतो, मान खाली घालतो आणि मोबाइलवर आपल्या पायांचा फोटो काढतो. फोटोत बूट असतात, बॅगेचे चाक असते आणि खाली ते पट्टे असतात. चेहरा नसतोच. असे हजारो फोटो आहेत. निखळलेल्या फरशीचे तुकडे काहींनी खिशात घालून सोबत नेले.

ती फरशी बसवली जात होती तेव्हा हा विमानतळ माणसे येण्याचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली, स्पेन आणि पोर्तुगालमधून लाखो लोक पोट भरायला व्हेनेझुएलात आले. १९७० च्या दशकात चिली आणि अर्जेंटिनातल्या लष्करी राजवटींपासून जीव वाचवून प्राध्यापक, डॉक्टर, लेखक आले. शेजारच्या कोलंबियातून तर रोजचीच रीघ होती. तेलाचे भाव १९७३ नंतर असे चढले, की १९७६ मध्ये पॅरिसहून काराकासला कॉनकॉर्ड विमान येऊ लागले. मायामीच्या दुकानांत व्हेनेझुएलाचे गिऱ्हाईक ‘स्वस्तच आहे, दोन दे’ या वाक्यावरून ओळखले जाई. त्या देशातून आजवर ७७ लाखांहून जास्त माणसे बाहेर पडली आहेत. म्हणजे साधारण दर चौघांमधला एक जण गेला. युद्ध नसलेल्या देशातून इतक्या थोड्या वर्षांत इतकी माणसे निघून गेल्याची उदाहरणे अगदी विरळ आहेत.

या ७७ लाखांत सगळ्या थरांतले लोक आहेत. पण सगळे एकदम निघाले नाहीत. जाण्याला क्रम होता, आणि माझ्या मते त्या क्रमातच देश कसा कोसळला ते वाचता येते. आधी तेलातले अभियंते गेले. मग डॉक्टर, प्राध्यापक आणि वीज मंडळातली माणसे गेली. ज्यांच्याजवळ विमानाच्या तिकिटाचेही पैसे नव्हते ते सगळ्यात शेवटी चालत निघाले. पहिले गेले म्हणून शेवटच्यांना जावे लागले, एवढे सरळ हे नाही. तरी पहिल्यांच्या जाण्याशी शेवटच्यांचा धागा जुळलेला आहे.

त्यासाठी आधी तेलाकडे पाहायला हवे. व्हेनेझुएलाचे तेल जगाच्या डोळ्यांवर आले ते डिसेंबर १९२२ मध्ये. माराकाइबो सरोवराच्या काठी काबिमास गावाजवळ एक विहीर फुटली आणि नऊ दिवस रोज सुमारे एक लाख पिंप तेल आकाशात उडत राहिले. पुढची पन्नास वर्षे हे तेल परदेशी कंपन्यांनी उपसले. देशातल्या विचारी माणसांना त्याची टोचणी होती. आर्तुरो उस्लार पिएत्री या लेखकाने १९३६ मध्ये वर्तमानपत्रात अग्रलेख लिहिला, त्याचे शीर्षक होते ‘तेल पेरा’. जमिनीतून निघणारा पैसा उडवू नका, पुन्हा जमिनीत घाला, शेतीत, उद्योगात, माणसांत घाला, असे त्याचे सांगणे. हे दोन शब्द व्हेनेझुएलात शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. पैसा बराचसा उडालाच. पण माणसांमध्ये मात्र काही प्रमाणात खरोखर पेरणी झाली. १९७० च्या दशकात सरकारने ‘ग्रान मारिस्काल दे आयाकुचो’ नावाची शिष्यवृत्ती काढली आणि हजारो मुलामुलींना अमेरिका-युरोपातल्या विद्यापीठांत शिकायला धाडले. त्यांतली पुष्कळ परत आली. परत येण्याजोगे घरी काही होते.

१ जानेवारी १९७६ रोजी तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ‘पेदेवेसा’ ही सरकारी कंपनी उभी राहिली. एक्सॉन, शेल, गल्फ यांच्या उपकंपन्या गेल्या. मालक बदलला, वरचे परदेशी साहेब गेले, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पंप चालूच होते. याचे कारण साधे आहे. तोवर विहिरींवर, शुद्धीकरण कारखान्यांत, कार्यालयांत जवळजवळ सगळी माणसे व्हेनेझुएलाचीच होती. परदेशी कंपन्यांमध्ये वीस-वीस वर्षे काम करून ती तयार झाली होती. नव्या सरकारी कंपनीने तीच माणसे, तीच शिस्त आणि बढतीचे तेच नियम ठेवले. काराकासजवळच्या लोस तेकेस गावात ‘इन्तेवेप’ ही संशोधन संस्था वाढवली. अमेरिकेतली सिटगो ही पेट्रोल विकणारी मोठी कंपनी १९९० पर्यंत पेदेवेसाने पूर्णपणे विकत घेतली होती. १९९० च्या दशकाअखेर देश रोज तीस लाख पिंपांहून जास्त तेल काढत होता.

इन्तेवेपमध्ये काय चालत असे ते समजले, की पुढचे सगळे समजायला सोपे जाते. व्हेनेझुएलाचा साठा जगात सर्वांत मोठा, सुमारे ३०० अब्ज पिंपांचा, म्हणून सांगितला जातो. पण त्यातला फार मोठा भाग ओरिनोको नदीच्या पट्ट्यात आहे, आणि ते तेल आपण डोळ्यांसमोर आणतो तसे वाहते तेल नाही. ते पाण्यापेक्षाही जड असू शकते. खोल जमिनीत उष्णतेमुळे ते कसेबसे हलते. वर येऊन गार झाले की थंडीतल्या काकवीसारखे घट्ट होते. नळातून न्यायचे तर त्यात नॅफ्थासारखे पातळ द्रव मिसळावे लागते. विकण्याजोगे करायचे तर आधी खास संयंत्रात त्यातला कार्बन काढायचा, हायड्रोजन भरायचा, गंधक कमी करायचा. विहीर आडवी खणावी लागते, आणि प्रत्येक विहिरीची नाडी वेगळी. कुठल्या विहिरीत वाळू येते, कुठल्या पंपाचा वेग किती ठेवला की तो टिकतो, पावसाळ्यात कुठला नळ कुरकुरतो, यातले थोडेच कागदावर असते. उरलेले तिथे दहा-दहा वर्षे राबलेल्या माणसांच्या हातांत आणि त्यांच्या आपसातल्या बोलण्यात असते. मुंबई हायचे तेल उरणला जिथे उतरते, तिथे आयुष्य घालवलेल्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही.

इन्तेवेपच्या शास्त्रज्ञांनी या जड तेलात सुमारे तीस टक्के पाणी मिसळून वीजकेंद्रांत जाळण्याजोगे ‘ओरिमल्शन’ नावाचे इंधन बनवले होते. व्हेनेझुएलाने ते जगात अनेक देशांना विकले. गरीब म्हटल्या जाणाऱ्या खंडातल्या एका सरकारी प्रयोगशाळेची ही कमाई होती, आणि मला तिचे मोल आजही फार वाटते.

ह्यूगो चावेझ डिसेंबर १९९८ मध्ये निवडून आले. त्यांचे राजकारण ज्या रागावर उभे होते तो राग खोटा नव्हता. काराकासच्या डोंगरउतारांवरच्या झोपडवस्त्यांतून खाली पाहिले, की तेलाचा पैसा दिसे आणि हाताला लागत नसे. पेदेवेसा हे राज्याच्या आतले वेगळे राज्य झाले आहे, तिथले साहेब कुणालाच जुमानत नाहीत, ही तक्रार चावेझ यांच्या आधीपासूनची होती. पुढे तेलाचे भाव चढले त्या वर्षांत गरिबी घटली, हेही नोंदवायला हवे. मात्र कंपनीला लोकांच्या कामाला लावणे वेगळे आणि कंपनी चालवणारी माणसे उखडून टाकणे वेगळे. चावेझ यांनी दुसरा रस्ता धरला.

एप्रिल २००२ मधल्या एका रविवारी, दूरचित्रवाणीवरच्या आपल्या साप्ताहिक कार्यक्रमात, चावेझ यांनी पेदेवेसाच्या वरिष्ठ व्यवस्थापकांची नावे एकेक करून वाचली आणि पंचासारखी शिट्टी वाजवून त्यांना मैदानाबाहेर काढले. सारा देश ते पाहत होता. चारच दिवसांनी चावेझ यांच्याविरुद्ध बंड झाले. दोन दिवसांत ते फसले आणि चावेझ परतले. डिसेंबर २००२ मध्ये विरोधकांनी देशभर संप पुकारला. त्यात पेदेवेसाचे व्यवस्थापक आणि अभियंते मोठ्या संख्येने उतरले. ‘पिलीन लेओन’ हे तेलवाहू जहाज कप्तानाने माराकाइबो सरोवराच्या जलमार्गात नांगर टाकून उभे केले. त्या जहाजाला १९८१ मध्ये ‘मिस वर्ल्ड’ ठरलेल्या व्हेनेझुएलाच्या सुंदरीचे नाव होते. काही आठवडे देशाचे तेल जवळपास थांबले. पेट्रोलच्या देशात पेट्रोलसाठी रांगा लागल्या. अध्यक्षांनी पायउतार व्हावे, यासाठी देशाचा मुख्य उद्योग बंद पाडणे हे मला पटत नाही. त्याची झळ सामान्य माणसालाच बसली. संप फेब्रुवारी २००३ मध्ये मोडला.

त्यानंतर जे झाले त्याची भरपाई मात्र आजतागायत झालेली नाही. सुमारे १८ हजार माणसांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले. कंपनीतली एकूण माणसे त्या वेळी चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्मी गेली. बडतर्फांच्या याद्या वर्तमानपत्रांत छापून येत. सकाळी पेपर उघडायचा आणि बारीक अक्षरांच्या रकान्यांत आपले नाव शोधायचे, असे ते दिवस. भूगर्भशास्त्रज्ञ, विहिरी खणणारे, जहाजांचे कप्तान, हिशेबनीस, इन्तेवेपमधले संशोधक, सगळ्यांची नावे येत गेली. पाराग्वाना द्वीपकल्पातल्या लोस सेमेरुकोस या कंपनीच्या वसाहतीत काही बडतर्फ कुटुंबे राहत होती. सप्टेंबर २००३ मध्ये नॅशनल गार्डने अश्रुधूर सोडून त्यांना घरांबाहेर काढले. दुसरीकडे नोकरी शोधावी तर देशातला तेल उद्योग मुख्यतः पेदेवेसाच्याच हातात होता, आणि पेदेवेसाबरोबर काम करणाऱ्या ठेकेदारांकडेही या माणसांना दार बंद होते. पुढच्या वर्षी अध्यक्षांना परत बोलावण्यासाठी सार्वमत घ्यावे, या मागणीवर सह्या करणाऱ्या लाखो लोकांची यादी लुइस तास्कोन या खासदाराने इंटरनेटवर टाकली. सरकारी नोकरी, कर्ज, कंत्राट मागायला गेले की त्या यादीत नाव पाहिले जाऊ लागले.

अशा वेळी माणूस देश ‘सोडतो’ म्हणणे मला अपुरे वाटते. ब्रेन ड्रेन हा शब्द १९६० च्या दशकात इंग्लंडमधून अमेरिकेला जाणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी रूढ झाला. जास्त पगार आणि चांगली प्रयोगशाळा यांच्या ओढीने जाणे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडेही पवईच्या आयआयटीतून अमेरिकेला गेलेल्या पिढीमुळे तो पुण्या-मुंबईच्या घराघरांत पोचला. तिकडे गेलेल्या मुलाचे दुःख आपल्याकडच्या आईवडिलांनी सोसले आहे, ते मी कमी लेखत नाही. पण त्या मुलाच्या मागे घरातला दिवा लागत होता, नळाला पाणी येत होते, दवाखाना उघडा होता. त्याची जागा घ्यायला दहा जण उभे होते. पेदेवेसाच्या अभियंत्याला बाहेरून कुणी ओढले नव्हते. त्याला आतून ढकलले होते. आणि त्याच्या जागी जे आले ते पुष्कळदा निष्ठा पाहून घेतलेले.

हे अभियंते गेले कुठे? काही कॅनडातल्या आल्बर्टा प्रांतात गेले. तिथली तेलवाळू ओरिनोकोच्या तेलाची जणू सख्खी बहीण. उणे वीस अंशांत काम करायची सवय नव्हती, पण जड तेलाची होती. काही ह्यूस्टनला, काही मेक्सिकोला, काही आखाती देशांत गेले. सगळ्यात बोलकी गोष्ट मात्र शेजारची आहे. कोलंबियाच्या पूर्वेच्या गवताळ मैदानात रुबियालेस नावाचे क्षेत्र आहे. तिथे १९८० च्या दशकातच तेल सापडले होते, पण जड म्हणून कुणाला फारसे काढता आले नव्हते. रोनाल्ड पान्तिन यांच्यासारख्या पेदेवेसातून बाहेर पडलेल्या लोकांनी तिथे कंपनी उभी केली. आडव्या विहिरी, जड तेलाचे पंप, मिश्रणाची तंत्रे, माराकाइबो आणि ओरिनोकोत शिकलेले सगळे त्यांनी रुबियालेसच्या मातीत वापरले. थोड्याच वर्षांत हे एक क्षेत्र रोज दोन लाख पिंपांवर गेले. कोलंबिया २००५ च्या सुमारास रोज सव्वापाच लाख पिंपांच्या आसपास तेल काढत होता. २०१३ मध्ये तो आकडा दहा लाखांवर पोचला. कोलंबियाच्या सरकारने त्याच काळात परदेशी कंपन्यांसाठी नियम सोपे केले आणि देशात सुरक्षितता वाढली, ही कारणेही त्यामागे आहेत. पण ज्ञान सीमा ओलांडून गेले ते दिसते. इकडे जमिनीत तेल जास्त, तिकडे ते काढता येणारी माणसे जास्त.

म्हणून १९७६ आणि २००३ या दोन सालांची तुलना माझ्या मनातून जात नाही. पहिल्या खेपेला मालक गेले आणि माणसे राहिली, उद्योग उभा राहिला. दुसऱ्या खेपेला मालक जागेवर होता, तेल जागेवर होते, यंत्रे जागेवर होती, आणि माणसे गेली.

पडझड लगेच दिसली नाही, हे या गोष्टीतले सगळ्यात फसवे वळण आहे. २००४ नंतर तेलाचे भाव चढत गेले आणि २००८ मध्ये पिंपाला शंभर डॉलरच्या वर पोचले. कमी तेल विकूनही तिजोरी भरत होती. तज्ज्ञांना काढले, काही बिघडले का, असे छातीठोकपणे विचारता येत होते. पेदेवेसाचा नोकरवर्ग लाखाच्या वर गेला. तेल काढणे हे तिच्या अनेक कामांपैकी एक झाले. कंपनी घरे बांधू लागली, धान्य आयात करू लागली. २०१० मध्ये तिच्या अन्नधान्य उपकंपनीचे हजारो टन अन्न बंदरात कुजलेले सापडले. देखभाल पुढे ढकलली की वर्षभर काही दिसत नाही, पाच वर्षेही कदाचित दिसत नाही. २५ ऑगस्ट २०१२ च्या पहाटे पाराग्वानातल्या आमुआय या अवाढव्य शुद्धीकरण कारखान्यात वायूगळती होऊन स्फोट झाला आणि चाळीसहून जास्त लोक मेले. सरकारने घातपात म्हटले. बाहेरच्या तज्ज्ञांनी देखभालीच्या हलगर्जीपणाकडे बोट दाखवले. गळालेला वायू साचताना शेजारच्या वस्तीत लोक झोपलेले होते.

चावेझ मार्च २०१३ मध्ये वारले आणि निकोलस मादुरो आले. २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि झाकलेले सगळे उघडे पडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नॅशनल गार्डच्या एका मेजर जनरलला पेदेवेसाचे प्रमुख आणि तेलमंत्री केले गेले. त्याला तेलाचा कसलाच अनुभव नव्हता. त्याच्या काळात उरलेसुरले जाणकारही राजीनामे देऊन गेले. अमेरिकेने जानेवारी २०१९ मध्ये पेदेवेसावर कडक निर्बंध लादले, त्यांनी घाव खोल केला हे नक्की. पण तोवर, म्हणजे २०१८ च्या अखेरीलाच, उत्पादन रोजच्या बारा लाख पिंपांच्या आसपास घसरलेले होते. २०२० च्या मध्यावर ते पाच लाखांच्याही खाली गेले. त्याच वर्षी मे महिन्यात इराणहून पेट्रोलची जहाजे व्हेनेझुएलाच्या बंदराला लागली. आपल्या ओएनजीसी विदेशने २००८ मध्ये तिथल्या सान क्रिस्तोबाल क्षेत्रात ४० टक्के हिस्सा घेतला होता. त्या लाभांशाची मोठी रक्कम वर्षानुवर्षे पेदेवेसाकडे अडकून पडली. काराकासमधल्या बडतर्फीचा फटका असा भारताच्या खातेवहीपर्यंत आला.

तेलातून देशाला मिळणारे जवळजवळ सगळे परकीय चलन गेले, तेव्हा सरकारने नोटा छापल्या. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजाने २०१८ मध्ये महागाईचा दर ६५ हजार टक्क्यांच्या वर होता. २००८ ते २०२१ या काळात चलनावरची एकूण चौदा शून्ये तीन हप्त्यांत पुसली गेली. सुशिक्षितांच्या दुसऱ्या आणि फार मोठ्या लाटेचे कारण हे होते. त्यांना कुणी बडतर्फ केले नाही. त्यांचा पगार जागच्या जागी विरघळला. सरकारी रुग्णालयातल्या अनुभवी डॉक्टरचे महिन्याचे वेतन काही डॉलरवर आले, आणि त्यात अंड्यांची एक-दोन खोकी कशीबशी येत.

पान-अमेरिकन आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये नोंदवले, की देशातल्या सुमारे ६६ हजार डॉक्टरांपैकी २२ हजार, म्हणजे तिसरा हिस्सा, निघून गेला आहे. नर्सही हजारोंनी गेल्या. हा आकडा जिथे सगळ्यात टोचतो ती जागा म्हणजे मलेरिया. आर्नोल्दो गाबाल्दोन या डॉक्टरने १९३० च्या दशकापासून व्हेनेझुएलात मलेरियाविरुद्ध मोहीम बांधली. गावोगाव फिरणारे फवारणीवाले, रक्त तपासणारे, नकाशे काढणारे, अशी पलटणच उभी केली. १९६१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्हेनेझुएलाचा फार मोठा भाग मलेरियामुक्त मानला, आणि इतक्या मोठ्या प्रदेशातून मलेरिया घालवणारा हा पहिला देश ठरला. २०१७ मध्ये त्याच देशात मलेरियाचे चार लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. घटसर्प आणि गोवर परत आले. मे २०१७ मध्ये आरोग्यमंत्री आंतोनिएता कापोराले यांच्या खात्याने बऱ्याच काळाने आकडेवारी प्रसिद्ध केली. एका वर्षात बालमृत्यू ३० टक्क्यांनी आणि बाळंतिणींचे मृत्यू ६५ टक्क्यांनी वाढल्याचे त्यात होते. काही दिवसांतच त्यांना पदावरून काढले गेले. त्या स्वतः डॉक्टर होत्या.

विजेची गोष्ट थोडक्यात सांगतो. देशाची बहुतेक वीज कारोनी नदीवरच्या गुरी धरणातून येते. तिथून उत्तरेला शेकडो किलोमीटर तारा जातात. तारांखालचे रान वेळच्या वेळी तोडणे हे साधे, कंटाळवाणे, पण अनुभवी माणसांचे काम. ७ मार्च २०१९ रोजी देशाचा फार मोठा भाग अंधारात गेला आणि कित्येक ठिकाणी तो चार-पाच दिवस तसाच राहिला. सरकारने अमेरिकेच्या सायबर हल्ल्याला दोष दिला. व्हेनेझुएलातल्या अनेक वीज अभियंत्यांच्या मते तारांखालचे न तोडलेले रान पेटले होते. बंद पडलेली यंत्रणा पुन्हा सुरू करताना हात थिटे पडले, कारण ते काम करणारे आता दुसऱ्या देशांत होते.

गेलेल्यांचे तरी भले झाले का? पहिल्या लाटेतल्यांचे बरेच झाले. त्यांच्याकडे इंग्रजी होते, नोकरीचे पत्र होते, वय होते. नंतरच्यांचे हाल झाले. परदेशात डॉक्टर म्हणून काम करायचे तर पदवी, गुणपत्रिका, अनुभवाचा दाखला, प्रत्येक कागदावर सरकारी साक्षांकन हवे. त्याच्या रांगा महिनोन्‌महिने, आणि पासपोर्टच मिळेना. कागद हातात नसलेला हृदयरोगतज्ज्ञ लिमात घरोघर जेवणाचे डबे पोचवतो, अभियंता बाई सांतियागोत रस्त्यावर अरेपा ही मक्याची भाकरी विकते, अशी दृश्ये दक्षिण अमेरिकेतल्या शहरांत नवी राहिली नाहीत. अशाने व्हेनेझुएलाने गमावलेले कौशल्य दुसऱ्या कुणाला मिळतही नाही. ते दोन्हीकडून वाया जाते. शस्त्रक्रियेचा हात पाच वर्षे चालवला नाही तर राहत नाही. कोलंबियाने २०२१ मध्ये लाखो व्हेनेझुएलन लोकांना दहा वर्षे राहण्याची आणि काम करण्याची परवानगी दिली. स्वतःच्या अडचणी असलेल्या देशाने केलेले ते मोठ्या मनाचे आणि शहाणपणाचेही काम होते.

आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हते ते चालत गेले. कुकुताच्या पुलावरून कोलंबियात शिरायचे, मग तीन हजार मीटरहून उंच असलेले बेर्लिनचे गारठलेले पठार पार करायचे, तेही कॅरिबियन उन्हाच्या पातळ कपड्यांत. तिथल्या वाटेवरच्या गावकऱ्यांनी घराबाहेर गरम पाणी आणि पांघरुणे ठेवली. पुढे तर पनामाकडचे दारियेनचे जंगलही लोकांनी पायी तुडवले.

मागे राहिलेल्यांविषयी मला फार आदर वाटतो. काराकासच्या मध्यवर्ती विद्यापीठाचा परिसर वास्तुकार कार्लोस राउल व्हियानुएवा यांनी घडवला. युनेस्कोने २००० मध्ये त्याला जागतिक वारसा म्हटले. पावसातही विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत कोरडे जाता यावे म्हणून त्यांनी लाटेसारख्या छपरांच्या झाकलेल्या वाटा बांधल्या. जून २०२० मध्ये त्यांतल्या एका वाटेचे छप्पर कोसळले. त्या विद्यापीठात काही डॉलर पगारावर, कधी बसभाड्यालाही पुरत नाही अशा पगारावर, शिकवत राहिलेले प्राध्यापक आहेत. त्यांच्या वर्गातली मुले पदवी घेऊन जाणार हे त्यांना माहीत असते. तरी ते शिकवतात.

स्थलांतरातून शेवटी मायदेशाचेही भले होते, असे मानणारे अर्थतज्ज्ञ आहेत. घरी पैसे येतात, माणसे नवे शिकून परततात, ओळखी कामाला येतात. केरळ आणि तैवानकडे बोट दाखवले जाते, आणि तिथे ते खरेही ठरले. व्हेनेझुएलातही बाहेरून येणाऱ्या डॉलरवर लाखो घरे तगली. पण त्या पैशाने पीठ आणि औषधे येतात. शुद्धीकरण कारखाना चालवणारी पाळी त्यातून उभी राहत नाही. परतीच्या वाटेला दुसऱ्या टोकाला काहीतरी उभे असावे लागते. १९७० च्या दशकातले शिष्यवृत्तीवाले परतले तेव्हा ते उभे होते.

शेव्हरॉन या अमेरिकी कंपनीला नोव्हेंबर २०२२ मध्ये निर्बंधांतून सवलत मिळाल्यावर तेल थोडे वाढले आणि २०२४ मध्ये रोज आठ-नऊ लाख पिंपांच्या आसपास आले. परिस्थिती पालटली तर बाहेरचे तज्ज्ञ परत येतील, ही आशा व्हेनेझुएलात वारंवार बोलून दाखवली जाते. काही येतीलही. पण कॅल्गरी आणि बोगोतात त्यांची घरे झाली आहेत, मुले तिथेच लहानाची मोठी झाली आहेत. आणि २००३ च्या त्या सकाळी पेपरातल्या रकान्यात स्वतःचे नाव सापडले तेव्हा जो अभियंता चाळीस वर्षांचा होता, तो आज साठी ओलांडून गेला आहे.